ओढ्यापलीकडचा दिवा

२३ नोव्हेंबर

रुमेनाताईस,

आज तात्याचे चाळीस दिवस झाले. गहू उकडले, वर साखर पेरली, पाव आणि वाइन घेऊन थडग्यावर गेलो. गावचा पाद्री आला, धूप फिरवला, सर्दीमुळे अर्धे मंत्र गिळले आणि गेला. माणसं बारा होती. तू नव्हतीस. नव्हतीस म्हणून टोमणा मारत नाही. स्पेनहून येणं म्हणजे काय शेजारच्या गावाहून येणं नव्हे, एवढं मला कळतं. दफनाच्या दिवशी मी जे बोललो ते उचलली जीभ लावली टाळ्याला असं झालं. "परक्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालतेस आणि स्वतःच्या बापाला मातीत घालायला तेवढी येतेस" हे मी म्हणायला नको होतं. पण बोललो. तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, तुझा वकील बोलतो.

चाळीस दिवसांचे शोकाचे कागद छापून आणले. फोटो तोच, खाणीच्या टोपीतला. एक फाटकावर लावला, एक दुकानाच्या दारावर, एक आपल्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर. तीस वर्षं ज्या खांबांवर चढलो त्यांच्यावर आता बापाचा मृत्यू चिकटवतो आहे.

वकिलाचं म्हणणं मला कळलं. तात्याला सांभाळणाऱ्या फिक्रियेवर तू तक्रार केली आहेस, की तिने संध्याकाळी जाताना फाटकाची कडी लावली नाही, म्हणून भ्रमिष्ट माणूस रात्री बाहेर पडला आणि गारठून मेला. मी पोलिसांना जे सांगितलं तेच तुला सांगतो. त्या रात्री ढग होते, म्हणून दुर्बीण काढली नाही. दहाला झोपलो. सकाळी सहाला उठलो तर तात्याचा बिछाना रिकामा आणि फाटक सताड उघडं. फिक्रिये सातला गेली होती. तिच्यानंतर फाटकातून कोणी गेलं नाही. आणखी काय सांगू?

तात्या कुठे सापडला ते तुला नीट माहीत नसेल. ओढ्यापलीकडच्या डोंगरावर, जुन्या बंद खाणीच्या तोंडाशी, दगडाला पाठ टेकून बसलेला. पाळीवर निघाला होता बिचारा. डोक्यावर टोपी, टोपीला दिवा. सापडला तोही फिक्रियेलाच. सगळं गाव खाली ओढ्यात शोधत होतं आणि ती एकटी वर गेली. आम्ही पोचलो तेव्हा तिने आपली शाल त्याच्या अंगावर घातली होती, मेलेल्या माणसाच्या.

तब्येतीला जप.

राश्को


१९ जानेवारी

ताई,

उत्तर नाही. बरं.

बर्फ गुडघाभर आहे. आकाश पंधरा दिवसांत एकदाही उघडलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं काही वाटत नाही. दुर्बीण गोठ्यात गोणपाटाखाली आहे. प्लोव्हदिव शहरातून आगोपचा फोन येतो. आगोप म्हणजे आमच्या तारे बघणाऱ्यांच्या क्लबचा म्होरक्या, घड्याळं दुरुस्त करणारा आर्मेनियन. मला हे सगळं शिकवलं त्यानेच, तेही फोनवर शिव्या घालत. "गाढवा, ध्रुव धरल्याशिवाय तुझी दुर्बीण आकाशाबरोबर फिरणार कशी? तारे आहेत की शेवया?" पहिलं वर्षभर माझे सगळे फोटो शेवयांचेच होते. नंतर भिंगावर दव साचायचं, मग पायाखालची फळी हलायची. दुसऱ्या वर्षी पहिली देवयानी दीर्घिका नीट आली तेव्हा मी छापलेला कागद हातात घेऊन रडलो होतो. पाठ मोडून घरी बसलेल्या वायरमनने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सुंदर केलं होतं. तुला पाठवला होता तो फोटो. तू लिहिलं होतंस, "हे खरंच आपल्या अंगणातून दिसतं?"

आता आगोप विचारतो आहे, "अरे राश्को, थंडी चांगली आहे, इकडे आकाश धुतलेलं आहे, बसलास का नाही?" मी सांगतो, पाठ दुखते.

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. फिक्रियेकडून आता कोणी अंडी घेत नाही. दूध नाही, काही नाही. स्तामा दुकानदारीण माझ्यासमोर तिला म्हणाली, "तुझ्या हातचं खाऊन आमच्याही दाराच्या कड्या उघड्या राहायच्या, बाई." सगळे हसले. फिक्रिये टोपली उचलून निघून गेली. तिच्या पायात पुरुषाचे बूट होते. वरच्या वाडीपासून दुकानापर्यंत बर्फातून चालत आली होती ती.

मीही तिथेच उभा होतो. पाव घेतला आणि घरी आलो.

ताई, तात्याला ती "व्हल्को आजोबा" म्हणायची. तो कधी तिच्या अंगावर थुंकायचा, कधी तिला आई समजून तिच्या मांडीवर डोकं ठेवायचा. मी तिच्या जागी असतो तर दोन ठेवून दिल्या असत्या. ती गाणं म्हणत त्याची नखं कापायची.

तक्रार मागे घेता येते का, एवढं वकिलाला विचार. माणसाकडून एखादी कडी राहते. कोणाकडूनही राहते.

राश्को


१० मार्च

ताई,

काल पितरांचा शनिवार होता. बायकांनी गहू वाटले. फिक्रिये आपल्या धर्मातली नाही, तरी स्मशानाच्या भिंतीबाहेर येऊन उभी राहिली आणि तात्याच्या थडग्याकडे बघत राहिली. आत यायचा धीर झाला नाही तिला. मी तिला आत बोलवायला हवं होतं. मी मान फिरवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही.

तिने कडी लावली होती.

हे वाक्य लिहून मी उठलो, चूल पेटवली, परत आलो. आता पुढचं लिहितो, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

ढग नव्हते, ताई. अमावास्या होती, आकाश महिन्याभरात इतकं स्वच्छ नव्हतं. आपल्या कोपऱ्यावरचा दिवा तुला आठवतो, फाटकाबाहेरच्या खांबावरचा? तो पिवळा उजेड दुर्बिणीत शिरायचा. दोन वर्षांपूर्वी मी त्या खांबाला माझा स्वतःचा खटका बसवला, पत्र्याच्या डबीत, कोणाला न विचारता. वायरमनला काय अवघड! फोटोच्या रात्री बाहेर जायचं, दिवा बंद करायचा. काम संपलं की परत लावायचा. गावाला वाटायचं बल्ब खराब आहे.

त्या रात्री आठला मी कडी काढून बाहेर गेलो, दिवा विझवला आणि आत आलो. कडी परत लावली नाही, कारण दोन वाजता दिवा लावायला पुन्हा जायचंच होतं. एवढाच आळस. फाटक मी उघडं ठेवलं. आणि डोंगरावरून आपलं घर ज्या एका दिव्याने ओळखू येतं तो दिवाही मीच विझवला.

साडेनऊला तात्या अंगणात आला. टोपी घातलेली, दिवा भक्क पेटवलेला, थेट माझ्या दुर्बिणीवर. "राश्को, दुसऱ्या पाळीची वेळ झाली का रे?" मी रोजच्यासारखा ओरडलो, "दिवा विझव, तात्या!" काळोखाला सरावलेल्या डोळ्यांवर असा उजेड पडला की अर्धा तास वाया जातो, आणि फोटोची माती होते ती वेगळीच. तीन वर्षं मी त्याला हेच ओरडत आलो होतो. आपल्या आईचं नाव विसरला, तुझं नाव विसरला, पण "दिवा विझव" म्हटलं की हात बरोबर बटणावर जायचा. त्याने विझवला. म्हणाला, "चुकलं रे बाळा." मी म्हटलं, "जा, झोप." बिजागरी वाजली. मला वाटलं घराचं दार. मी पुन्हा संगणकाच्या पडद्यात डोकं घातलं.

ते फाटक होतं.

पोलिसांना खोटं सांगायचं मी ठरवलं नव्हतं. अधिकाऱ्याने विचारलं, "रात्री तुम्ही कुठे होता?" आणि तोंडातून निघून गेलं, "झोपलो होतो, ढग होते." त्याने लिहून घेतलं. लिहिलेलं एकदा झालं की माणूस त्याच्या मागे चालायला लागतो.

आता तुला माझी किळस आली असेल. आली पाहिजे.

राश्को


२८ मार्च

ताई,

मागच्या पत्रात मी सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

त्या रात्री दोन कॅमेरे चालू होते. दुर्बिणीला लावलेला देवयानीवर होता. दुसरा, जुना, तिकाटण्यावर ठेवून पूर्वेकडे लावला होता, कृत्तिका डोंगरावर चढताना टिपायला. तो आपोआप अर्ध्या मिनिटाचा एक असे फोटो काढत राहतो. त्याच्या चौकटीच्या तळाशी खाणीचा डोंगर येतो. चार महिने मी त्यातलं कार्ड उघडलं नव्हतं.

फेब्रुवारीत उघडलं, पण भित्र्यासारखं. सगळे फोटो एकदम संगणकाला दिले. हे काम कसं चालतं ते तुला सांगितलं पाहिजे. एका फोटोत तारे पुसट, दाणेदार येतात, म्हणून शेकडो फोटो एकावर एक रचायचे. जे प्रत्येकात आहे ते उजळतं. जे थोड्यात आहे, म्हणजे विमान, उपग्रह, कोणाच्या तरी गाडीचा झोत, ते संगणक कचरा समजून फेकून देतो. आगोपचं पहिलं वाक्य हेच होतं: "एका फोटोवर विश्वास ठेवू नकोस. जे कधीतरीच दिसतं ते खोटं."

रात्रभर यंत्र चाललं. सकाळी फोटो तयार. इतका सुंदर फोटो मी आयुष्यात काढलेला नाही. निळ्या धुक्यातल्या कृत्तिका आणि खाली काळाभोर, स्वच्छ डोंगर. एक ठिपकाही नाही. मी खुर्चीवर बसून मोठ्याने म्हणालो, "बघा, काही नव्हतं तिथे." त्या दिवशी मी जेवलो, झोपलोसुद्धा. यंत्राने साक्ष दिली होती ना.

पण मला माहीत होतं. मग एकेक फोटो उघडायला लागलो.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी पायवाटेवर एक पिवळा ठिपका. पुढच्यात थोडा वर. त्याच्या पुढच्यात आणखी वर. पंचाहत्तर वर्षांचा म्हातारा, काळोखात, चुकीच्या चपला घालून इतका सरळ चढत होता की मला अभिमान वाटला, ताई, हसू नकोस. पावणेबारापर्यंत ठिपका खाणीच्या तोंडाशी थांबलेला. मग अकरा फोटोंत ठिपका नाही, आडवी रेघ आहे. डावीकडून उजवीकडे. तो डोकं हलवून दिवा फिरवत होता. त्याने लहानपणी आपल्याला शिकवलं होतं, आत कोणी अडकलं की दिवा आडवा फिरवायचा.

माझ्याकडे फिरवत होता. साऱ्या दरीत उजेड म्हणजे माझ्या अंगणातली लाल बत्ती, डोळे दिपू नयेत म्हणून दुर्बिणीपाशी ठेवलेली, तेवढी एकच.

आणि मी तो दिवा पाहिला होता. कार्डात नाही, त्या रात्रीच, या डोळ्यांनी. भिंगावरचं दव पुसायला उठलो तेव्हा समोर डोंगरावर उजेड हलताना दिसला. मला वाटलं, सोनं शोधणारे आले. दरवर्षी येतात हरामखोर, तुर्कांनी पुरलेल्या हंड्यांसाठी डोंगर उकरायला. माझ्या कृत्तिकांच्या बरोबर खाली! डोकं फिरलं माझं. ओढ्यापलीकडे हाकेचं अंतर, थंड हवेत आवाज खणखणीत जातो. दोन्ही हात तोंडाशी धरून मी ओरडलो, "ए! विझव तो दिवा!"

लगेच विझला.

अधिकाऱ्याला कोडं पडलं होतं ना, की टोपीवरचा दिवा बंद कसा? त्याने बटण दाबलं तर भक्क लागला होता. बॅटरी भरलेली, मीच दर रविवारी भरायचो. वकिलाच्या कागदातही ते आहे: "मृताने अज्ञात कारणाने दिवा बंद केला." अज्ञात नाही, ताई. त्याने माझा आवाज ओळखला. मुलगा सांगतो आहे, दिवा विझव. त्याने विझवला आणि गप्प बसून राहिला.

मी खूश होऊन परत पडद्याकडे गेलो. म्हटलं, घाबरले साले.

त्यानंतर दोनशे चौऱ्याऐंशी फोटो आहेत. नुसता काळा डोंगर. डॉक्टर म्हणाला होता, जीव पहाटे गेला. म्हणजे त्या दोनशे चौऱ्याऐंशी फोटोंत तात्या जिवंत बसलेला आहे आणि मी त्याचा फोटो काढतो आहे. मी प्रत्येक उघडून पाहिला. काही दिसत नाही. रोज बघतो.

सुनावणी मेमध्ये आहे असं ऐकतो. फिक्रियेला शिक्षा होऊ शकते. मी हे तुला लिहिलं, पण तुला लिहून तिचं काही होत नाही, हे कळतं मला.

राश्को


१६ एप्रिल

ताई,

परवा सहा महिने झाले. नवे कागद मी लावले नाहीत. खांबावर बापाचं तोंड लावायची लायकी नाही माझी. त्याऐवजी काल कार्ड घेऊन तालुक्याला गेलो आणि तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवलं. त्याला दोन तास लागले समजायला. तरुण आहे. शेवटी म्हणाला, "काका, तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. केस त्या बाईवर होती. कशाला?" मी म्हटलं, "लिहून घे." त्याने लिहून घेतलं. जुना जबाब खोटा, असंही लिहिलं. खटक्याची डबी पाहायला माणूस पाठवतो म्हणाला.

मग वरच्या वाडीवर गेलो. फिक्रिये कोंबड्यांना दाणे टाकत होती. मला दारातच थांबवलं, बस म्हटलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, ओरडलो तेही. ती दाणे टाकत राहिली. कोंबड्यांचं पोट भरलं तरी टाकत राहिली.

मग म्हणाली, "मी रोज कडी लावते आणि परत एकदा ढकलून बघते. त्या दिवशीही बघितली. पण सगळे म्हणायला लागले, तूही म्हणालास. मग मलाच वाटायला लागलं की नसेल लावली. सहा महिने रात्री उठून मी स्वतःच्या दाराची कडी बघते, राश्को. मीच त्याला मारलं असं मी देवाला सांगून माफी मागितली आहे. आता ती माफी परत कशी करू?"

मी म्हटलं, "माफ कर."

"ते नको माझ्याकडे मागूस," ती म्हणाली. "माझी शाल पोलिसांनी नेली आहे, पुरावा म्हणून. ती आणून दे. आणि दुकानात जाऊन सांग. स्तामासमोर, सगळे असतील तेव्हा. मला सांगून काय उपयोग, कडीचं बोलणारे तर ते आहेत."

आज सकाळी पावाच्या वेळेला दुकानात गेलो आणि सांगितलं. कोणी हसलं नाही. स्तामाने माझा पाव कागदात गुंडाळला होता तो उलगडून परत फळीवर ठेवला.

शाल मिळायला केस बंद व्हावी लागते म्हणे. तेवढं तुझ्या हातात आहे.

राश्को


२२ मे

ताई,

तुझा कागद पोचला. सात महिन्यांत तुझ्याकडून आलेला हा पहिला कागद, म्हणून पाकीट बराच वेळ उघडलं नाही.

वकिलाची भाषा आहे, पण मला समजलं. फिक्रियेवरची तक्रार मागे घेतली आहेस. त्याच कलमाखाली, त्याच मजकुरात, तिचं नाव होतं तिथे माझं आलं आहे: व्हल्कोचा मुलगा राश्को, निष्काळजीपणाने मृत्यूस कारण आणि खोटी साक्ष. खाली सही तुझी. तुझा तो लांब शेपटीचा "र" मी कुठेही ओळखेन. हात थरथरलेला दिसत नाही. मला बरं वाटलं ते बघून, खोटं कशाला सांगू. माझ्यावर कोणीतरी रागवायला हवं होतं, आणि माझं दुसरं आहे कोण?

सरकारने मला दिलेला वकील चांगला माणूस आहे. म्हणतो, "म्हातारे भ्रमिष्ट होते, तुम्ही आजारी आहात, पूर्वीचा काही गुन्हा नाही. लढलं तर सुटाल. ओरडणं हा काही गुन्हा नव्हे." मी त्याला सांगितलं, लढायचं नाही. ज्या ज्या ओळीपुढे "मान्य आहे का" असं विचारलं होतं तिथे तिथे "हो" लिहिलं. एका ठिकाणी त्यांनी वेळ चुकवली होती, पावणेबाराऐवजी सव्वाअकरा, ती तेवढी दुरुस्त केली.

शाल मिळाली. काल वर नेऊन दिली. फिक्रियेने घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि दार लावलं. कडी सरकवल्याचा आवाज आला, मग दार आतून ढकलून बघितल्याचा.

तारीख अकरा जून आहे, सकाळी दहा. तू येणार का, हे मी तुझ्या वकिलाला विचारलेलं नाही, तुलाच विचारतो आहे. माझ्याशी बोलू नकोस. घरी उतरू नकोस. माझ्याकडे बघूसुद्धा नकोस. पण न्यायाधीश विचारतील तेव्हा मला ते एकदा मोठ्याने म्हणावं लागणार आहे, मी काय ओरडलो ते. त्या खोलीत सगळे परके असतील, ताई. ते ऐकायला तात्याचं कोणीतरी असायला हवं.

राश्को